इंग्रजी लिहिताना दुरुस्ती कशी मागायची आणि कशी द्यायची? मोबाइलवर शिकणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज विशी-पंचविशीत असलेल्या मुलामुलींनी किमान दहा वर्षं हा विषय घेतलेला असतो. तरीही शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत नोकरी लागली, किंवा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या एखाद्या केमिकल कंपनीत ट्रेनी म्हणून गेलं, की पहिल्या आठवड्यातच गाडी अडते ती लिहिण्यावर. रजेचा मेल, शिफ्ट संपताना लॉगबुकमधली नोंद, मशीन बंद पडल्याचा मेसेज, सगळं इंग्रजीत. शाळेत पत्र आणि निबंध पाठ करून लिहिता यायचे. इथे रोज नवं वाक्य लागतं आणि ते तपासून द्यायला वर्गातले सर नसतात.

मग आपण फोनकडे वळतो. कीबोर्ड स्पेलिंग सुधारतो, एखादं ॲप वाक्य सुधारतं, चॅटबॉट तर अख्खा मेल लिहून देतो. मेल नीट जातो, पण पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा होते. कारण मेसेज दुरुस्त होणं आणि लिहिणारा शिकणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम व्हायला दोन गोष्टी लागतात: चुकीचं आणि बरोबर वाक्य शेजारी-शेजारी दिसलं पाहिजे, आणि बरोबर वाक्य तुम्ही स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं पाहिजे. या लेखात हे मोबाइलवर कसं करायचं, मित्राची चूक कशी सांगायची आणि कुठली साधनं किती उपयोगाची आहेत, ते पाहू.

(इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचली की लगेच लक्षात येतील.)

सगळ्या चुका सारख्या नसतात

दुरुस्ती मागण्याआधी आणि देण्याआधी चूक कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायला हवं. ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

1. अर्थ बदलणारी चूक. समजा, लॉगबुकमध्ये कोणी लिहिलं, ‘व्हॉल्व्ह नॉट क्लोज’. याचे दोन अर्थ निघतात. ‘द व्हॉल्व्ह इज नॉट क्लोज्ड’ म्हणजे व्हॉल्व्ह बंद केलेला नाही, उघडा आहे. ‘द व्हॉल्व्ह डज नॉट क्लोज’ म्हणजे व्हॉल्व्ह बंदच होत नाही, बिघडला आहे. पहिला अर्थ घेणारा माणूस जाऊन व्हॉल्व्ह फिरवेल. दुसरा अर्थ घेणारा मेंटेनन्सला फोन करेल. पुढच्या शिफ्टचा माणूस कुठला अर्थ घेईल, हे नोंद लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. केमिकल प्लांटमध्ये हा फरक मार्कांपुरता नसतो.

2. व्याकरणाची, पण अर्थ न बदलणारी चूक. ‘आय सेंट मेल टू मॅनेजर’ या वाक्यात ‘अ’ आणि ‘द’ राहिलेत. अर्थ मात्र पोचतो. अशी चूक सुधारायची, पण घाबरायचं कारण नाही.

3. शैलीचा फरक. याला चूक म्हणणंच बरोबर नाही. ‘प्लीज सेंड द फाइल’ आणि ‘कुड यू प्लीज सेंड द फाइल’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. दुसरं जास्त नम्र आहे, एवढंच. ‘प्रीपोन’ हा शब्द इंग्लंड-अमेरिकेत फारसा वापरत नाहीत, भारतात सर्रास चालतो आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही त्याला जागा मिळाली आहे. आपल्या मॅनेजरला तो पाठवायला काहीच हरकत नाही. परदेशातल्या ग्राहकाला लिहिताना मात्र तारीख अलीकडे आणली आहे, असं सरळ लिहावं.

तपासताना क्रमही हाच ठेवा. आधी अर्थ, मग व्याकरण, सगळ्यात शेवटी शैली. बहुतेक वेळा होतं उलटं. स्पेलिंग आणि स्वल्पविराम सुधारले जातात आणि ‘व्हॉल्व्ह नॉट क्लोज’ तसंच राहून जातं.

आपल्या चुका येतात कुठून?

मराठी बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्यामागे आळस किंवा कमी बुद्धी नसते. मराठीचा नियम आपण इंग्रजीत नेतो, म्हणून त्या होतात. कारण कळलं की चूक पकडणं सोपं जातं.

- ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’ बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’ मराठीत ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘2023 पासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतं. इंग्रजीत किती काळ ते सांगायला ‘फॉर’ आणि कधी सुरू झालं ते सांगायला ‘सिन्स’.
- ‘आय डिड नॉट वेंट.’ बरोबर: ‘आय डिड नॉट गो.’ मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’ या क्रियापदावरच असतो. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ ‘डिड’ उचलतं आणि मूळ क्रियापद साधं राहतं.
- ‘ही सेड मी टू वेट.’ बरोबर: ‘ही टोल्ड मी टू वेट.’ आपल्याकडे ‘मला म्हणाला’ आणि ‘मला सांगितलं’ दोन्ही चालतं. इंग्रजीत ‘टोल्ड’ला लागून ‘मी’ येतं, ‘सेड’ला लागून येत नाही.
- ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम.’ बरोबर: ‘वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम.’ आपण अडचणीविषयी चर्चा करतो, म्हणून ‘अबाउट’ घुसतो. ‘डिस्कस’मध्ये तो ‘विषयी’ आधीच आलेला असतो.
- ‘प्लीज टेल मी व्हेअर इज द स्टोअर.’ बरोबर: ‘प्लीज टेल मी व्हेअर द स्टोअर इज.’ ‘स्टोअर कुठे आहे?’ आणि ‘स्टोअर कुठे आहे ते सांगा’ यात मराठी शब्दांची जागा बदलत नाही. इंग्रजीत प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की शब्दांचा क्रम साध्या वाक्यासारखा होतो.
- ‘अ’ आणि ‘द’ गाळणं. मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे कानाला काही राहिलंय असं वाटतच नाही. ही सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

या सहापैकी तुमच्या कुठल्या दोन जास्त होतात, ते आधी शोधा. मागच्या महिन्यातले स्वतःचे दहा मेसेज काढून वाचले की कळतं.

दुरुस्ती कशी मागायची?

‘हे जरा चेक कर ना’ असं म्हटलं की समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. तो एकतर ‘मस्त आहे’ म्हणतो किंवा सगळं वाक्य स्वतःच्या पद्धतीने लिहून पाठवतो. दोन्हींत शिकायला काही मिळत नाही. मागणी नेमकी हवी.

1. कोणासाठी लिहिलंय ते सांगा. मॅनेजरला रजेचा मेल आहे की मित्रांच्या ग्रुपवरचा मेसेज, यावर दुरुस्ती बदलते.
2. काय म्हणायचंय ते मराठीत लिहा. हे फार कामाचं आहे. ‘आय टेक लीव्ह ऑन मंडे’ वाचून सोमवारी रजा घेतली होती की घेणार आहे, हे तपासणाऱ्याला कळणार नाही. सोबत ‘येत्या सोमवारी रजा हवी आहे’ असं लिहिलं, तर तो लगेच ‘विल’ सुचवेल.
3. एकाच प्रकारची चूक शोधायला सांगा. उदाहरणार्थ, ‘दादा, एवढ्या पाच ओळींत फक्त काळ बरोबर आहे का ते बघता का? बाकी राहू द्या.’ दोन मिनिटांचं काम असलं की माणूस नाही म्हणत नाही.
4. उत्तर लगेच नको, जागा दाखवा, असं सांगा. ‘तिसऱ्या ओळीत क्रियापद बघ’ एवढा इशारा मिळाला तरी अर्ध्या वेळा चूक आपली आपल्याला सापडते. अशी सापडलेली चूक जास्त लक्षात राहते.
5. दुरुस्त वाक्य टाइप करून परत पाठवा. कॉपी-पेस्ट नको. ‘थँक्यू दादा’च्या आधी ते वाक्य जाऊ द्या.

आणि दुरुस्ती पटली नाही तर विचारा. ‘इथे सिन्स का नको?’ हा उद्धटपणा नाही. तपासणारा मोठा असला, तरी त्याचंही चुकू शकतं. कारण सांगता येत नसेल, तर दोघांनी मिळून शब्दकोश उघडावा.

दुरुस्ती कशी द्यायची?

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये कोणाचाही कोड थेट वापरात जात नाही. आधी सहकारी तो वाचतात आणि शेरे देतात. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. बदल दाखवायची तिथली पद्धत अगदी सोपी आहे: काढलेली ओळ लाल, घातलेली ओळ हिरवी, एकाखाली एक. त्या दृश्याला ‘डिफ’ म्हणतात. जुनं पुसून टाकलेलं नसतं, त्यामुळे काय बदललं आणि का बदललं यावर बोलता येतं.

गूगलने आपल्या इंजिनिअरसाठी केलेली कोड रिव्ह्यूची नियमावली सार्वजनिक केली आहे. त्यातल्या तीन गोष्टी भाषेलाही तशाच लागू पडतात. शेरा कोडवर द्या, माणसावर नको. कारण सांगा. आणि बारीकसारीक सूचना असेल तर ती बारीकसारीक आहे असं आधीच लिहा, म्हणजे समोरचा उगाच दडपणाखाली येत नाही.

व्हॉट्सॲपवर हे असं करता येतं:

- ज्या मेसेजमध्ये चूक आहे, त्यावरच ‘रिप्लाय’ करा. मूळ वाक्य वर दिसत राहतं.
- शब्दाच्या दोन्ही बाजूंना ~ हे चिन्ह दिलं की त्यावर रेघ मारली जाते आणि * दिलं की तो ठळक होतो. ‘ही ~सेड~ *टोल्ड* मी टू वेट’ असं टाइप करून पाठवलं की चूक आणि दुरुस्ती एकाच ओळीत दिसतात. हाच आपला डिफ.
- खाली एका ओळीत मराठीतून कारण लिहा. व्याकरणाचे मोठे शब्द लागत नाहीत. ‘टोल्डनंतर मी येतं, सेडनंतर नाही’ एवढं पुरे.
- एका वेळी दोन, फार तर तीन चुका सांगा. पाच ओळींत अकरा खुणा केल्या तर समोरचा उद्यापासून लिहिणंच बंद करेल.
- अर्थ पोचला असेल तर ते आधी सांगा. ‘काय म्हणायचंय ते कळलं’ हे खोटं कौतुक नाही, ती उपयोगी माहिती आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत एडिट करता येतो. कामाच्या ग्रुपवर ही सोय जरूर वापरा. सरावाच्या ग्रुपवर मात्र वापरू नका. एडिट केलं की जुनं वाक्य जातं, आणि शिकायचं असतं ते त्याच्याकडूनच.

मोठ्यांची चूक कशी सांगायची?

इथे गाडी हमखास अडते. सुपरवायझर वयाने मोठे, अनुभवाने मोठे, आणि त्यांच्या मेसेजमध्ये चूक आहे. आपण सांगायची का?

नियम सोपा ठेवा. अर्थ बदलत नसेल तर गप्प बसा. त्यांनी विचारलेलं नाही. अर्थ बदलत असेल तर ग्रुपवर न लिहिता वेगळा मेसेज करा आणि इंग्रजीवर बोलण्याऐवजी माहितीवर विचारा. ‘सर, मीटिंगच्या मेसेजमध्ये 31 जून असं पडलंय. 30 जून म्हणायचंय का?’ किंवा ‘मॅडम, यातून पंप चालू ठेवायचा की बंद, ते नीट कळलं नाही.’ मान राखला जातो आणि कामही अडत नाही.

हाच नियम आपल्या मित्रांनाही लावा. कोणी दुःखाची बातमी कळवली आहे, कोणी घाईत मदत मागतंय, तिथे स्पेलिंग काढणं शोभत नाही. चारचौघांत एकदा कोणाच्या इंग्रजीवर हसलं, की तो माणूस त्या ग्रुपवर पुन्हा इंग्रजी लिहीत नाही. मग मशीनमधला बिघाडही तो लिहून कळवत नाही, समोर भेटल्यावर सांगू म्हणतो. त्या हसण्याची किंमत सगळी शिफ्ट मोजते.

फोनमधली साधनं: कोण काय करतं?

कीबोर्ड. जीबोर्डसारखे कीबोर्ड स्पेलिंग आपोआप बदलतात. बदल इतका पटकन होतो की आपण काय चुकलो होतो ते दिसतच नाही. सरावाच्या वेळी सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो-करेक्शन’ बंद करा आणि ‘स्पेल चेक’ चालू ठेवा. मग चुकीच्या शब्दाखाली रेघ येते, सुधारायचं काम तुमच्याकडे राहतं. भाषा निवडताना ‘इंग्लिश (इंडिया)’ घ्या. नाहीतर शाळेत शिकलेलं ब्रिटिश पद्धतीचं ‘कलर’ अमेरिकन कीबोर्डला चुकीचं वाटेल.

गूगल डॉक्स. दोघांनी मिळून तपासायचं असेल तर हे सगळ्यात सोयीचं. फाइल शेअर करताना मित्राला ‘कमेंटर’ म्हणून जोडा. मग त्याला तुमचा मजकूर थेट बदलता येत नाही, फक्त सुचवता येतो. तुम्ही दोघेही एडिटर असाल, तर मोबाइल ॲपमध्ये तीन टिंबांच्या मेन्यूत ‘सजेस्ट चेंजेस’ चालू करा. सूचना आली की लगेच ‘बरोबर’च्या खुणेवर टॅप करण्याचा मोह होतो. त्याऐवजी सूचना वाचा, आपलं वाक्य स्वतः टाइप करून सुधारा आणि मग ती सूचना काढून टाका.

व्याकरण तपासणारी ॲप. ग्रामरली 2009 मध्ये सुरू झालं. लँग्वेजटूल हा ओपन सोर्स पर्याय आहे. दोन्ही चुकीखाली रेघ देतात आणि बहुतेक वेळा एका ओळीचं कारणही दाखवतात. ते कारण वाचायचं, मग बदल करायचा. लक्षात ठेवा, या ॲपना तुमच्या मनातला अर्थ माहीत नसतो. ‘आय टेक लीव्ह ऑन मंडे’ हे वाक्य व्याकरणाने चालून जातं, त्यामुळे त्याखाली रेघ येईलच असं नाही.

एआय चॅटबॉट. चॅटजीपीटी, जेमिनी यांना नुसतं ‘हे सुधार’ म्हटलं की ते सगळंच नव्याने लिहून देतात. वाक्य गुळगुळीत होतं, पण तुमचं राहत नाही. कधीकधी अर्थही सरकतो, आणि एखादं कारण आत्मविश्वासाने चुकीचं सांगितलं जातं. म्हणून त्यांना आधीच अट घाला. मराठीतून लिहिलं तरी चालतं. हा नमुना वापरून बघा:

‘मी इंग्रजी लिहायला शिकतोय. खाली माझं वाक्य आणि त्याचा मराठीतला अर्थ देतोय. वाक्य नव्याने लिहू नकोस. सगळ्यात महत्त्वाची एकच चूक कुठल्या शब्दाजवळ आहे ते सांग. मला आधी प्रयत्न करू दे. दोन प्रयत्नांनंतरही चुकलं तरच उत्तर दे आणि कारण मराठीत एका ओळीत सांग.’

एक इशारा. ऑनलाइन साधनांमध्ये टाकलेला मजकूर बऱ्याचदा त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. कंपनीचा अहवाल, ग्राहकाचं नाव, कोणाचा मोबाइल नंबर, आधार किंवा बँकेची माहिती तिथे टाकू नका. आपल्या कंपनीचा नियम काय आहे तेही विचारून घ्या. सरावासाठी नाव बदलून, आकडे बदलून तेच वाक्य टाकता येतं.

दुरुस्तीचा खरंच उपयोग होतो का?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. 1996 मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनात व्याकरणाच्या चुका काढत बसण्याचा फायदा होत नाही, तोटाच होतो, म्हणून ते बंद करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर बराच वाद झाला. डॅना फेरिस यांनी 1999 मध्ये उत्तर दिलं की सरसकट सगळी दुरुस्ती निरुपयोगी ठरवता येणार नाही, ती कशी दिली जाते हे पाहावं लागेल.

पुढे 2008 मध्ये जॉन बिचनर यांचा न्यूझीलंडमधला अभ्यास आला. तिथे इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लेखनात फक्त ‘अ’ आणि ‘द’ यांच्या दोन ठरावीक वापरांवरच दुरुस्ती दिली गेली. ज्यांना दुरुस्ती मिळाली, त्यांनी न मिळालेल्यांपेक्षा पुढच्या चाचण्यांमध्ये चांगली कामगिरी केली, आणि हा फरक दोन महिन्यांनंतरच्या चाचणीतही टिकला. आपल्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट म्हणजे लक्ष एका जागी ठेवलेलं होतं. वर ‘एकाच प्रकारची चूक शोधायला सांगा’ म्हटलं, ते याचसाठी.

दौंड तालुक्यातलंच एक उदाहरण

पुण्याहून दौंडकडे रेल्वेने निघालं की वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. संस्कृतच्या पंडिता म्हणून नावाजलेल्या रमाबाईंनी 1882 मध्ये पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली, ती मराठीत. तिचं इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागलं. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा इंग्रजीत झालेला पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्या पत्रांत रमाबाई धर्मासारख्या अवघड विषयावर ठामपणे वाद घालतात, पटलं नाही तर तसं लिहितात. आणि 1887 मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापून आलं. मराठीतल्या साक्षीपासून इंग्रजी पुस्तकापर्यंत पाच वर्षं लागली.

पुढे केडगावात मुक्तीचा छापखाना उभा राहिला आणि तिथल्या मुली-बायका खिळे जुळवण्यापासूनची कामं शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. खिळ्यांच्या छपाईत आधी कच्चा छाप काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. तपासणारा चुकीवर रेघ मारतो, समासात दुरुस्ती लिहितो, आणि खिळे जुळवणाऱ्याला ती चूक बघून स्वतःच्या हाताने खिळा बदलावा लागतो. आज गूगल डॉक्समधली सूचना किंवा प्रोग्रामरचा डिफ हे त्याच जुन्या प्रूफाचं नवं रूप आहे. फरक एकच पडला: खिळा बदलायचं काम आता फोन परस्पर करून टाकतो. शिकायचं असेल तर तेवढं काम त्याच्याकडून परत घ्यायचं.

चुकांची नोंद कशी ठेवायची?

फोनमधल्या नोट्स ॲपमध्ये किंवा साध्या वहीत तीन रकाने करा: मी लिहिलेलं, बरोबर वाक्य, कारण. त्यात सगळ्या चुका लिहू नका. जी चूक दुसऱ्यांदा झाली, तीच लिहा.

आठवड्याचा साधा कार्यक्रम असा ठेवता येईल:

- सोमवार ते शुक्रवार: रोज पाच ओळी. आज कामावर किंवा कॉलेजात काय झालं, एवढाच विषय.
- दोघा-तिघांचा छोटा ग्रुप: प्रत्येकाने दुसऱ्याच्या पाच ओळींत ठरलेली एकच चूक शोधायची. या आठवड्यात ‘सिन्स-फॉर’, पुढच्या आठवड्यात ‘डिड’.
- शनिवार: वहीतली चुकीची वाक्यं बघून, उत्तर झाकून, बरोबर वाक्य लिहून काढायचं.
- रविवार: सुट्टी.

दुसऱ्याच्या ओळी तपासणं हा फुकटचा उपकार नाही. मित्राचं ‘सिन्स’ पकडताना आपलं ‘सिन्स’ही पक्कं होतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चुकीचा मेल गेला तर? जीमेलमध्ये पाठवल्यावर काही सेकंद ‘अनडू’ दिसतं. संगणकावरून सेटिंग बदलून ही मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती निघून गेली आणि चूक तारीख, आकडा किंवा अर्थाची असेल, तर विषयात ‘करेक्शन’ लिहून दोन ओळींचा नवा मेल करा. नुसतं ‘द’ राहिलं असेल तर सोडून द्या.

आधी मराठीत लिहून भाषांतर करू का? काय म्हणायचंय ते पक्कं करायला मराठी वापरा. अख्खं वाक्य भाषांतर ॲपमधून काढलंत, तर आधी स्वतः लिहिलेलं वाक्य शेजारी ठेवून तुलना करा.

घाईत असताना हे सगळं करायचं का? नाही. लाइन बंद पडलीय आणि मेसेज आत्ता जायला हवा, तर साधनाकडून सरळ दुरुस्त करून घ्या आणि अर्थ बरोबर आहे ना एवढं बघून पाठवा. ते वाक्य स्टार करून ठेवा. शिफ्ट संपल्यावर कंपनीच्या बसमध्ये दोन मिनिटं मिळाली, की तेच वाक्य एकदा स्वतः लिहा.

कोणीच तपासणारं नसेल तर? आजचं लिहिलेलं उद्या सकाळी मोठ्याने वाचा. रात्री सुटलेली चूक सकाळी कानाला टोचते. मग वर दिलेल्या सहा चुकांची यादी समोर धरून एकेक तपासा. त्यानंतर जे उरेल, तेवढ्यासाठीच ॲप उघडा.